नव्या कॅमेऱ्यात दोष वाटतोय? आधी या चुका टाळा

नवा कॅमेरा आला की काही जण पहिल्याच रात्री लेन्सला झाकण लावतात, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) शेवटाला नेतात, ३० सेकंदांचं एक्स्पोजर घेतात आणि काळ्या फोटोतले रंगीत ठिपके मोजत बसतात. मोजू नका. एवढ्या लांब एक्स्पोजरला हॉट पिक्सेल, म्हणजे उगाच चमकणारे ठिपके, कुठल्याही कंपनीच्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) दिसतात. रोजच्या आयएसओला, रोजच्या शटरस्पीडला तोच ठिपका त्याच जागी परत परत आला, तर बोला. मेन्यूत पिक्सेल मॅपिंग (असे ठिपके शोधून झाकणारी सोय) असेल तर आधी ते चालवा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

‘फोटोची डावी बाजू धूसर येते’ ही तक्रार मात्र मी मनावर घेतो. ओळखीतल्या एकाने असाच कॅमेरा दुकानात नेला, भांडून बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बदलून घेतली आणि सोबत आलेली किट लेन्स स्वतःकडेच ठेवली, कारण ‘लेन्स चांगलीच आहे’. नव्या बॉडीवरही डावी बाजू तशीच! पुन्हा दुकान, पुन्हा वाद. तोवर बदलून मिळण्याची मुदत उलटली आणि लेन्स दुरुस्तीला टाकावी लागली. आतली एक काच केंद्रातून सरकलेली होती. त्याच्याकडे दुसरी लेन्स होती, पण ती लावून बघायचं सुचवलं तेव्हा साहेबांना वेळ नव्हता.

मी असं करतो: भरपूर उजेडातली, बारीक तपशिलाची सपाट भिंत, कॅमेरा तिला समांतर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं, फोकस मधोमध. एक फोटो सरळ, एक कॅमेरा उलटा धरून. धूसरपणा दोन्ही वेळा फ्रेमच्या त्याच बाजूला राहिला तर दोष लेन्सचा किंवा बॉडीचा. बाजू बदलली तर तुम्ही वाकडे उभे होता. मग लेन्स बदलून तेच करायचं, म्हणजे दोघांतला गुन्हेगार सापडतो. चारही कोपरे सारखेच धूसर असतील तर तो बहुतेक त्या लेन्सचा स्वभाव, सोडून द्या.

सेन्सरवरचे डाग शोधायचे तर एफ/१६ ला, म्हणजे ते छिद्र बारीक करून, पांढरी भिंत, फोकस मुद्दाम चुकवून. डाग दिसला की रुमाल किंवा कापूस घेऊन सेन्सरवर तुटून पडणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. साफ करूनही डाग परत येत असतील तर तारीखवार फोटो जपा. २०१२ साली आलेल्या निकॉन डी६०० मध्ये हेच होत होतं आणि २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचंही शटर फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं.

बाकी किरकोळ. फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून मगच ओरडा. स्क्रू उघडू नका. खोका फेकू नका. पुरावा म्हणून मूळ फाइल द्या; मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला चेपलेला फोटो बघून कोणीही काही सांगू शकत नाही.

आणि सर्व्हिस सेंटरच्या फॉर्मवर ‘कॅमेरा खराब’ एवढंच खरडू नका. कुठली लेन्स, कुठलं अ‍ॅपर्चर, फ्रेमचा कुठला कोपरा, ते लिहा. नाहीतर ‘तपासले, दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून कॅमेरा जसाच्या तसा परत येतो.