ऊसतोडीला फडावर जाणाऱ्या बाळंतिणीसाठी

मी बीड जिल्ह्यातली आशा सेविका. कायद्याने कंपनीतल्या बाईला 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला, एक दिवसाच्या खाड्याचाही दंड. दूध आटतं ते यामुळे, बाळ तासन्‌तास लांब राहतं म्हणून. बाईला बोल लावू नका.

पहाटे निघण्याआधी पोटभर पाजा. बाळाला कोपीवर (राहायच्या झोपडीत) ठेवू नका, फडाच्या कडेला सावलीत झोळी बांधा आणि मोळ्या बांधताना मध्येमध्ये पाजा. नाहीच जमलं, तर हात धुऊन, उकळलेल्या झाकणाच्या वाटीत दूध पिळा, थंड जागी ठेवा. घरच्यांनी ते तीन-चार तासांत वाटी-चमच्यानं पाजावं, बाटली नको. पहिले 6 महिने पाणीसुद्धा नको, उन्हातही. रात्रीचं पाजणं सोडू नका.

मुकादमाशी (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराशी) पाजायच्या सुट्टीचं बोलणं नवऱ्यानं उचल घेण्याआधीच करावं.