शेजाऱ्याचा मोकळा कुत्रा: ओट्यावरच्या बोलण्यापासून प्रांतांच्या आदेशापर्यंत

खान्देशात कुत्रा हौसेपेक्षा राखणीसाठी अधिक पाळला जातो. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या बागांतून घड चोरीला जातात, विहिरीवरची केबल आणि स्टार्टर रातोरात गायब होतात, सातपुड्याच्या पायथ्याच्या शिवारांत रानडुकरे आणि बिबट्या यांचीही धास्ती असते. त्यामुळे मळ्यातल्या वस्तीवर दोन-तीन दांडगे कुत्रे असणे ही तिथली गरजच असते. जळगाव-धुळ्याच्या नव्या कॉलन्यांमध्ये बंगल्याच्या फाटकामागे रॉटवायलर किंवा पिटबुल दिसू लागला आहे, तोही पुष्कळदा चोरांच्या भीतीपोटीच आणलेला असतो. म्हणून शेजाऱ्याने कुत्रा का पाळला, या वादात शिरू नये. त्या वादात समोरचा माणूस हट्टाला पेटतो आणि मूळ त्रास जागच्या जागी राहतो. आपली मागणी नेमकी आणि लहान असावी: फाटक बंद राहावे आणि कुत्रा रस्त्यावर आणताना त्याच्या गळ्यात पट्टा व पट्ट्याचे टोक मोठ्या माणसाच्या हातात असावे. कायदाही मालकाकडून साधारण एवढीच अपेक्षा करतो, आणि एवढे मान्य करायला कोणत्याही शेजाऱ्याला कमीपणा वाटण्याचे कारण नसते.

तक्रारीचा विचार करण्याआधी तो कुत्रा खरोखर शेजाऱ्याचा आहे का, हे ठरवावे लागते. गळ्यात पट्टा असणे, रात्री त्याच घरात किंवा खळ्यात बांधला जाणे, त्याच घरच्या माणसाने त्याला लस टोचून आणणे, या गोष्टी मालकी दाखवतात. शेजारीण रोज संध्याकाळी गल्लीतल्या कुत्र्यांना शिळी भाकरी घालते, एवढ्याने ती त्यांची मालकीण ठरत नाही. भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू होतात. त्यांनुसार कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करणे हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे काम आहे. खाऊ घालण्याची जागाही मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि इमारतीच्या दारापासून दूर असावी, असे ते नियम सांगतात, आणि यावरून वाद झाल्यास तो समितीपुढे नेण्याची तरतूद त्यांत आहे. तेव्हा कुत्रे भटके असतील तर अर्ज नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे करावा आणि शेजारणीशी फक्त जागेबद्दल बोलावे. पुढचे सारे विवेचन पाळलेल्या कुत्र्याविषयी आहे.

मार्ग निघेपर्यंत त्या रस्त्याने जावे तर लागतेच. कुत्रा अंगावर येताना दिसला तर पळू नये, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभावच आहे. जागीच उभे राहावे, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, अंग किंचित तिरके करावे आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकावे. हातातली पिशवी, छत्री किंवा डबा त्याच्या आणि आपल्या मध्ये धरावा. काठी बरोबर ठेवायला हरकत नाही, मात्र तिचा उपयोग अंतर राखण्यापुरताच करावा; उगारलेली काठी पाहून आधीच बिथरलेला कुत्रा अधिक चवताळतो. मुलांना “झाडासारखे उभे राहा, हात अंगाशी धरा” असे शिकवावे, आणि पडलेच तर गुडघे पोटाशी घेऊन दोन्ही हातांनी मान व कान झाकायला सांगावे. हे एकदा सांगून भागत नाही, अंगणात दोन-तीनदा करून घ्यावे लागते. मोटारसायकलवर असाल तर वेग वाढवण्याचा मोह टाळावा आणि पाय झाडू नयेत. फिरत्या चाकामागे धावणारा कुत्रा गाडी मंदावली की बहुधा थांबतो. अशा प्रसंगांत चाव्यापेक्षा घसरून पडण्यानेच जास्त इजा होते.

शेतकऱ्यांची अडचण वेगळी आहे. कृषी पंपाची वीज रात्री असली की पाणी भरायला रात्रीच जावे लागते आणि वाट दुसऱ्याच्या वस्तीवरून जाते. अशा वेळी लांबूनच मालकाच्या नावाने आरोळी द्यावी आणि त्याने उत्तर दिल्याशिवाय वस्तीच्या टप्प्यात शिरू नये. वस्तीवाल्याचा फोन नंबर घेऊन निघण्यापूर्वी त्याला कळवण्याची पद्धत ठरवली तर बरेच काम तिथेच होते.

आता बोलण्याचा भाग, जो लोक एकतर टाळतात किंवा भर गल्लीत, कुत्रा नुकताच अंगावर आलेला असताना उरकतात. रागाच्या भरात चार माणसांसमोर केलेली तक्रार शेजाऱ्याला अपमान वाटते, आणि खान्देशात शेजारी हा पुष्कळदा भाऊबंदच असतो. कानबाईच्या रोटांना, म्हणजे श्रावणातल्या देवीच्या सणाला, ज्यांच्या पंगतीला बसायचे, त्यांच्याशी कुत्र्यावरून कायमचे वाकडे करून घेणे कोणालाच परवडत नाही. म्हणून एक-दोन दिवस जाऊ द्यावेत, संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे आणि घरातल्या कर्त्या माणसाशी बोलावे. कुत्रा तरुण मुलाने हौसेने आणलेला असला तरी घरातल्या वडीलधाऱ्याचा शब्द चालतो, हे लक्षात ठेवावे. “नाना, तुमना कुत्रा जरासा बांधी ठेवा ना, पोरे घाबरतस,” असे घरच्या बोलीत सांगितलेले जितके पोहोचते, तितकी वकिली भाषा पोहोचत नाही. त्यानंतर घडलेली गोष्ट नेमकी सांगावी: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या अंगावर कुत्रा आला. “तुमचा कुत्रा नेहमीच असे करतो” हे वाक्य टाळावे, कारण “नेहमी” या शब्दावरच वाद सुरू होतो.

उत्तर बहुधा ठरलेले असते: “तो काही करत नाही, नुसता भुंकतो.” मालकाच्या दृष्टीने ते खरेही असते, कारण मालकाच्या अंगावर तो कधी गेलेला नसतो. याला विरोध न करता म्हणावे की तो चावत नसेलही, पण सायकलवरचे पोर घाबरून ट्रॅक्टरखाली गेले तर काय करायचे? मग एक-दोन सोयी सुचवाव्यात. फाटकाला आपोआप बंद होणारी कडी किंवा स्प्रिंग लावता येते. मळ्यात दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यावर सरकणाऱ्या कडीत साखळी अडकवली तर कुत्र्याला पळायला जागा मिळते, राखणही होते आणि तो रस्त्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र तारेची लांबी ठरवताना साखळीचीही लांबी मोजावी लागते. मालकाचा हात आखडता असेल तर खर्चात थोडा वाटा उचलण्याची तयारी दाखवावी. कडीला लागणारे पैसे तालुक्याला मारलेल्या एका खेपेपेक्षा कमीच असतात.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. बांधून ठेवा म्हणजे दिवसभर उन्हात जखडून ठेवा, असे नव्हे. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. सावली आणि पाण्यावाचून साखळीला अडकलेला कुत्रा आजारी तरी पडतो किंवा अधिक चिडका होतो. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यातही, सतत साखळीला असलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा गुन्हा मानला आहे. आपणच सुचवलेल्या उपायातून नवा गुन्हा घडू नये.

बोलून फरक पडला नाही तर नोंदी ठेवायला लागावे. साध्या वहीत तारीख, वेळ, जागा, काय घडले आणि कोणी पाहिले, एवढे लिहिले की पुरे. फोनवर चित्रण करता आले तर रस्त्यावरून करावे, शेजाऱ्याच्या अंगणात शिरून नव्हे. दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, मीटर पाहायला येणारा कर्मचारी, आशा सेविका यांनाही तोच त्रास होत असतो आणि त्यांची साक्ष घरच्या माणसाच्या साक्षीपेक्षा निःपक्ष वाटते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी आणि त्यांची पोरे झोक्यासाठी गल्लीत जमतात, तेव्हा त्रास सर्वांच्याच डोळ्यांसमोर येतो. सामाईक अर्जावर सह्या घ्यायला ते दिवस सोयीचे असतात.

गावात हा अर्ज ग्रामपंचायतीला द्यावा आणि त्याची प्रत पोलीस पाटलांना द्यावी. राज्यात २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आपल्या गावची तंटामुक्त समिती अजून काम करत असेल तर असा तंटा तिच्यापुढे ठेवणे सर्वांत शहाणपणाचे, कारण तिथे झालेला समझोता दोन्ही घरांना मान खाली न घालता पाळता येतो. शहरात अर्ज महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे जातो, आणि कुत्र्याचा परवाना व लसीकरण यांची विचारणाही तिथेच करावी. अर्जातला मजकूर थोडक्यात असा असावा: “आमच्या गल्लीतील अमुक यांचा पाळीव कुत्रा दिनांक अमुक व अमुक रोजी रस्त्यावर मोकळा असताना खालील व्यक्तींच्या अंगावर धावून आला. मालकांना दिनांक अमुक रोजी तोंडी विनंती केली आहे. कुत्रा आवारात बंदिस्त ठेवण्याबाबत व रस्त्यावर पट्ट्यासह आणण्याबाबत त्यांना लेखी समज देण्यात यावी.” आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.

पोलिसांकडे जाण्यासाठी चावा बसण्याची वाट पाहावी लागते, हा समज चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना पुरेशी खबरदारी न घेणे हाच गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र असल्याने पोलिसांना न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय तो नोंदवता येतो. प्रत्यक्ष दुखापत झाली तर निष्काळजीपणाविषयीचे कलम १२५ देखील लागू शकते. ठाण्यात तक्रार घेतली गेली नाही तर ती लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा; हा क्रम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच दिला आहे. कुत्रा प्रत्यक्ष अंगावर आलेला असेल आणि मालक जुमानत नसेल, तर ११२ वर फोन करावा.

याहून कमी वापरला जाणारा, पण माझ्या मते अधिक उपयोगी मार्ग प्रांत कार्यालयातून जातो. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांत, धोकादायक प्राणी बंदिस्त ठेवण्याचा सशर्त आदेश मालकाला देऊ शकतात. मालकाला बाजू मांडण्याची संधी मिळते, कोणालाही आरोपी म्हणून उभे राहावे लागत नाही आणि जे हवे आहे, म्हणजे कुत्रा आवारात राहणे, तेवढेच मागता येते. रावेर-यावलकरांसाठी हे कार्यालय फैजपूरला आहे. वही, चित्रण, सामाईक अर्ज आणि ग्रामपंचायतीची पोच या अर्जाला जोडावी.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. एक, “ही जातच बंदी असलेली आहे” असा दावा. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २३ जातींविषयी परिपत्रक काढले होते, पण कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरवले. तक्रार जातीवर न उभारता वर्तनावर उभारावी. दुसरी गोष्ट म्हणजे विष. केळीच्या बागेत फवारणीची औषधे हाताशी असतात आणि रागाच्या भरात भाकरीला काय लावायचे हे कोणीतरी सुचवतेच. कुत्र्याला मारणे, विष देणे किंवा जायबंदी करणे याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाहून कितीतरी मोठा गुन्हा आपल्या माथी येतो. शिवाय ती भाकरी कोणाची गाय किंवा शेळी खाईल, याचा नेम नसतो.

चावा बसलाच तर भांडण बाजूला ठेवून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना, तेल, झाडपाला यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लस त्वचेत दिली तर डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात, स्नायूत दिली तर १४ व्या दिवशीचा आणखी एक डोस वाढतो. रक्त आलेल्या जखमेला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते; ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. “आमच्या कुत्र्याला लस दिली आहे” या शब्दावर विसंबून उपचार लांबवू नयेत, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे लागते, त्यामुळे मालकाने त्याला या काळात कोठे पाठवू नये, हे त्याला लेखी कळवावे. डॉक्टरांना केसपेपरवर चाव्याची जागा आणि कुत्रा पाळीव असल्याचे लिहायला सांगावे, जखमेचे फोटो काढावेत आणि औषधांची बिले जपावीत, कारण नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा झाला तर त्याला हेच कागद लागतात. ठाण्यात किंवा कार्यालयात छायाप्रती द्याव्यात आणि मूळ कागद घरीच ठेवावेत.