३८६-४८६ मदरबोर्डवरची गळकी बॅटरी
जुन्या ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरच्या पीसीच्या मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळी किंवा हिरवी, नळकांड्यासारखी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी दिसली, तर बोर्ड चालू असला तरी ती आधी काढा. दोन्ही पाय कापून काढलेली बरी. ओढून काढायला गेलात तर कुजलेला पॅडही (पाय जिथे सोल्डर केलेला असतो तो तांब्याचा ठिपका) सोबत येतो.

गळणारा द्रव आम्ल नसून अल्कली असतो, म्हणून बेकिंग सोड्याचा इथे काही उपयोग नाही. पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी जुन्या टूथब्रशने लावा. फेस थांबला की डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि दिवसभर वाळू द्या. हातमोजे आणि चष्मा हवाच.

खरं काम पुढे आहे. हिरव्या कोटिंगखाली काळपट झालेले ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) फायबरग्लास पेनने तांबं चमकेपर्यंत खरवडा आणि मल्टिमीटर बीपवर (जोड सलग असेल तर वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून एकेक तपासा. कीबोर्ड कंट्रोलरचं (कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपचं) सॉकेट बहुधा याच टापूत असतं. बोर्ड सुरू होऊन कीबोर्ड मेलेला असेल तर पहिला संशय तिथे. काळवंडलेलं सोल्डर वितळत नाही. फ्लक्स (सोल्डरवरचा गंज काढणारं रसायन) आणि थोडं ताजं सोल्डर दिलं की सुटतं. तुटलेला ट्रॅक ३० गेजच्या वायरने जोडा.

नवी बॅटरी म्हणून सीआर२०३२ या नाण्यासारख्या लिथियम सेलचा होल्डर चालतो, पण बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करायचा आणि लिथियम सेलला ते सोसत नाही. त्यामुळे सेलच्या धन टोकाला १एन५८१७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, त्याच्यावरची पट्टी बोर्डाकडे.