इमारतीची नोटीस पाळली जात नसेल तर पालिकेला अहवाल कसा द्यावा

कुर्ल्यातल्या नाईक नगर सोसायटीची इमारत २७ जून २०२२ च्या मध्यरात्रीच्या सुमारास कोसळली आणि १९ माणसं गेली. या इमारतीला २०१३ पासून नोटिसा गेलेल्या होत्या. आधी ती पाडायच्या गटात होती. २०१६ मध्ये दुसऱ्या सल्लागाराचं ऑडिट (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल) आलं आणि ती दुरुस्त होण्याजोग्या गटात गेली. माणसं आतच राहत होती.

नोटीस निघते, पण ती पाळली जातेय का हे पालिकेला लेखी कळवणारं कुणी नसेल तर ती फायलीत पडून राहते. हे कळवण्याचं काम प्रामुख्यानं स्ट्रक्चरल ऑडिटरचं, दुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या सल्लागाराचं आणि आर्किटेक्टचं. सोसायटीच्या सचिवानं आणि साध्या रहिवाशानंही ते कसं होतं हे माहीत करून घ्यावं, कारण कितीतरी वेळा पहिलं पत्र त्यांनाच लिहावं लागतं. पुढची उदाहरणं मुंबईची आहेत. इतर महापालिकांत कायद्याची कलमं वेगळी, पण कामाची रीत हीच.

नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते पाहा

हातातल्या नोटिशीवरचं कलम आधी वाचा. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी लागते. अहवालात सांगितलेली दुरुस्ती सहा महिन्यांत झाली नाही, तर आयुक्त ती स्वतः करून घेऊ शकतात आणि खर्च मालमत्ता कराच्या थकबाकीसारखा वसूल करू शकतात. शिवाय २५,००० रुपये किंवा एका वर्षाचा मालमत्ता कर, यांपैकी जास्त असेल तेवढा दंड. कलम ३५४ ची नोटीस धोकादायक इमारतीची, ३५४ अ ची बेकायदा चालू असलेलं काम थांबवण्याची. राज्यातल्या इतर बहुतेक महापालिकांमध्ये यातल्या तपासणीसाठी कलम २६५ अ आहे.

मग इमारतीचा गट पाहा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमच्या अहवालाची निकड या गटावरून ठरते. सी-१ मध्ये माणसं राहत असतील तर मुदत संपायची वाट पाहू नका, त्याच दिवशी कळवा.

दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींचं (ज्यांच्याकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो त्यांचं) काम म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असतं. तिथे मूळ पत्र मंडळाला आणि प्रत वॉर्ड ऑफिसला द्या.

पुन्हा जागेवर जा

जुन्या ऑडिटच्या जोरावर अहवाल लिहू नये. मुदत संपल्यानंतरची स्थिती तुम्ही स्वतः पाहिलेली हवी. नोटिशीत जेवढी कामं सांगितली आहेत तेवढ्या ओळींचा तक्ता करून न्या आणि प्रत्येक कामापुढे झालं, अर्धवट, सुरूच नाही, यांपैकी एक लिहा.

फोटो काढताना आधी लांबून एक, ज्यात जिना, दार किंवा मजल्याचा आकडा दिसेल. मग जवळून एक, तड्याशेजारी मोजपट्टी धरून. नुसत्या तड्याचा जवळचा फोटो कुठल्याही इमारतीचा असू शकतो, त्यामुळे सुनावणीत तो टिकत नाही. तडा वाढतोय की थांबलाय हे दाखवायचं असेल तर त्याच्यावर आडवी काचेची पट्टी पक्की चिकटवा आणि त्यावर तारीख लिहा. पुढच्या भेटीत काच फुटलेली दिसली, तर इमारत हलतेय याचा साधा आणि कुणालाही समजेल असा पुरावा तुमच्या हाती येतो.

टेकू कितपत दिले आहेत, ते खालच्या मजल्यावरही त्याच रेषेत आहेत का, हेही बघा. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबला जॅक लावून त्याचा सगळा भार पहिल्या मजल्याच्या तशाच कमकुवत स्लॅबवर टाकलेला असेल, तर कागदोपत्री प्रॉपिंग (टेकू देणं) झालं आणि धोका मात्र वाढला. तळमजल्यावरचे गाळे तर आवर्जून पाहा. घाटकोपरची साईसिद्धी इमारत २५ जुलै २०१७ ला कोसळून १७ जण दगावले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराच्या कामावर ठपका आला होता. कुणी आत येऊ देत नसेल तर वाद घालू नका. तारीख, वेळ आणि नकार, तिन्ही अहवालात नोंदवा.

पत्रात काय लिहावं

पत्र दोन पानांपलीकडे जाऊ देऊ नका, बाकी सगळं जोडपत्रात. वर नोटिशीचा क्रमांक, तारीख, कलम आणि मुदत. ‘इमारतीची अवस्था अत्यंत बिकट असून त्वरित कार्यवाही व्हावी’ या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘ए विंग, तळमजला, जिन्यालगतचा कॉलम: काँक्रीटचं कव्हर निघालं आहे, सळया गंजून उघड्या पडल्या आहेत. नोटिशीनुसार येथे टेकू देऊन जॅकेटिंग करायचे होते. आजपर्यंत दोन्ही झालेले नाही. विंगमध्ये कुटुंबे राहत आहेत.’ (जॅकेटिंग म्हणजे कमकुवत कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर देऊन तो मजबूत करणं.)

यानंतर तुमचं मत आणि मागणी वेगवेगळी मांडा: विंग रिकामी करावी, गाळे बंद करावेत, की दुरुस्तीला ठरावीक मुदत द्यावी. आधी झालेल्या ऑडिटची माहिती असेल तर तीही द्या, तुमच्या मताच्या विरुद्ध असली तरी. दोन अहवाल एकमेकांशी जुळत नसतील तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. तिथे लपवलेला अहवाल बाहेर आला की तुमच्या शब्दाची किंमत जाते आणि रहिवाशांचे महिने वाया जातात.

लोक घर का सोडत नाहीत, हेही या पत्रात यायला हवं. माझ्या मते नोटीस न पाळण्याचं सगळ्यात मोठं कारण हट्ट नसतो, भीती असते: एकदा बाहेर पडलो की खोली गेली. म्हणून प्रत्येक खोलीचं मोजमाप आणि राहणाऱ्याची नोंद करून घ्यावी अशी मागणी पत्रात घाला. पाडण्याआधी पालिका भाडेकरूंच्या जागेचं क्षेत्रफळ नोंदवते आणि इमारत पाडल्यानं त्यांचा हक्क संपत नाही. हे सोसायटीच्या फळ्यावर मराठीत, मोठ्या अक्षरात लावायला सांगा.

दाखल करणं आणि पाठपुरावा

पत्र वॉर्डच्या सहायक आयुक्तांच्या नावे, प्रत इमारत व कारखाने विभागाला आणि सोसायटीला. आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ईमेल जरूर करा, पण शिक्क्याची पोच सोडू नका. सोसायटीनं तुमचं बिल थकवलंय किंवा तुम्हाला कामावरून काढलंय, म्हणून अहवाल अडवून ठेवायचा नाही. काढलं असेल तर ती तारीखही पत्रात लिहा.

प्लास्टर एकाएकी पडू लागलं, दारं अडकू लागली किंवा कॉलममधून आवाज आले, तर कागद नंतर. लोकांना बाहेर काढा आणि पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला १९१६ वर फोन करा. फोनची वेळ टिपून ठेवा.

पत्राला उत्तर आलं नाही तर आवक क्रमांक देऊन स्मरणपत्र पाठवा. त्यानंतरही हालचाल नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करून त्या क्रमांकावर काय कार्यवाही झाली ते विचारा. एरवी उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, पण माहिती एखाद्याच्या जीविताशी संबंधित असेल तर कायद्यानं ती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसा उल्लेख करा आणि नोटिशीची प्रत सोबत जोडा.