क्लबच्या वर्षभराच्या बुद्धिबळ टुर्नामेंट्स कशा लावायच्या (पुण्यात असाल तर खास)

पहिली गोष्ट, पट आणि घड्याळं नंतर, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. आम्ही पहिल्या वर्षी उलटं केलं, सहा तारखा ठरवल्या आणि त्यातली एक नेमकी पालखी मुक्कामी असतानाची निघाली, रस्ते बंद, निम्मे खेळाडू पोचलेच नाहीत आणि जे पोचले ते दुसऱ्या राउंडला आले. तेव्हा पालखीचे दिवस, गणपतीचे दहा दिवस, दिवाळी, आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या दहावी-बारावीच्या परीक्षा आधी लाल पेनाने खोडून टाका. उरलेल्या रविवारांतच काय ते करायचं. मे महिन्यात पोरं गावाला जातात, नाहीतर रेटिंग टुर्नामेंट्स (ज्यांतून खेळाडूचं अधिकृत मानांकन ठरतं) खेळत फिरतात, तेव्हा क्लबची मोठी स्पर्धा ठेवूच नका.

मग वर्षाचा कणा ठरवा, म्हणजे क्लब चॅम्पियनशिप. ही गणपती उठले की सुरू करायची, दर शनिवारी संध्याकाळी एकच डाव, लांब वेळेचा, चाली लिहून. दहा-दहाचे गट केले की प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळतो, 9 राउंड, गटात 45 डाव. दोन शनिवार राखीव ठेवा, कारण कुणाचं ना कुणाचं लग्नकार्य निघतंच. दिवाळी मध्ये धरूनही डिसेंबरपर्यंत आटपतं. खरं सांगायचं तर क्लब टिकतो तो याच्यावर, एक दिवसाच्या रॅपिडला (म्हणजे कमी वेळेच्या जलद डावांना) बाहेरची गर्दी होते पण दर शनिवारी तीच माणसं समोर बसली की चहापाणी, डावानंतरचं अॅनालिसिस, भांडणं, सगळं होतं.

बाकीच्या चार-पाच स्पर्धा एक दिवसाच्या ठेवा. रॅपिडला 15 मिनिटं आणि दर चालीला 10 सेकंद, 60 चालींचा डाव झाला तर दोघांचे मिळून 50 मिनिटं जातात, म्हणजे एका राउंडला तास धरा. स्विस लीग पद्धतीत (कुणी बाद होत नाही, दर राउंडला साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लागते) 32 खेळाडूंना 5 आणि 64 ना 6 राउंड लागतात, शक्य असेल तर एक जास्त घ्या, बरोबरीचे डाव होतातच. साडेनऊला सुरू केलं तर जेवणाची सुट्टी धरून सहा राउंड पाचपर्यंत होतात. ब्लिट्झ (आणखी झटपट डाव, 3 मिनिटं आणि दर चालीला 2 सेकंद) 20 जुलैच्या आसपास ठेवा, तो जागतिक बुद्धिबळ दिन, 1924 ला त्या दिवशी पॅरिसमध्ये फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) स्थापन झाली. पाऊस असतो, लोक बाहेर फारसे जात नाहीत, हॉल भरतो.

पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार) हाताने करत बसू नका, स्विस-मॅनेजरसारखं सॉफ्टवेअर वापरा. रंग, बाय (जोडीदार न उरलेल्याला त्या राउंडची सुट्टी), आधी खेळलेली जोडी परत न येणं हे सगळं ते बघतं. टायब्रेक (गुण सारखे झाले तर वर कोण, याचा नियम) मात्र एन्ट्री घेतानाच लिहून लावा: आधी आपसातला निकाल की आधी बुखोल्झ (म्हणजे तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज). बक्षीस समारंभाच्या वेळी हे ठरवायला गेलात तर पालक तुम्हाला सोडणार नाहीत. उशिरा आला तर किती मिनिटांनी डाव गेला, आणि हाफ पॉइंट बाय (राउंड न खेळता अर्धा गुण) कुठल्या राउंडपर्यंत मागता येईल, हेही त्याच कागदावर.

फिडे रेटिंगची स्पर्धा पहिल्याच वर्षी घेऊ नका. आधी नोंदणी, लायसन्स असलेला आर्बिटर (पंच), खेळाडूंची नोंदणी, पैसे... दोन वर्षं साध्या स्पर्धा नीट घ्या मग बघा.

वर्षाच्या शेवटी काहीतरी ओढ हवी म्हणून आम्ही एक तक्ता ठेवतो, प्रत्येक एक दिवसाच्या स्पर्धेत पहिल्याला 10, मग 8, 6, 5, 4, 3, 2, 1, आणि नुसतं खेळल्याबद्दल एक. पाचातल्या सर्वोत्तम चार धरायच्या, म्हणजे एखाद्याची एक चुकली तरी तो बाहेर पडत नाही. गंमत म्हणजे नुसत्या हजेरीच्या गुणासाठी आमचे पंचाहत्तरीचे काका एकही रविवार चुकवत नाहीत.

घड्याळं कमी पडतात, तेव्हा "ज्यांच्याकडे आहे त्यांनी आणावं" असं आदल्या रात्री ग्रुपवर टाका, तरी दोन-तीन जास्तीची पिशवीत ठेवा. सेलही. आणि पुढच्या वर्षीचा हॉल शेवटच्या बक्षीस समारंभाच्या दिवशीच बुक करून टाका, लग्नसराईत मग मिळत नाही.