पिकअपचे टायर बदलताना या चुका टाळा

टायर घ्यायला गेलेला गडी दुकानात फक्त साइज सांगतो आणि फसतो. 215/75 आर 15 म्हटलं की जीपगाडीचा टायरही समोर येतो, डिस्कवर नीट बसतोही. पाहायचा असतो साइजच्या पुढचा आकडा. तिथे 100 असेल तर टायर 800 किलो पेलतो, 106 असेल तर 950. सोयाबीनचे कट्टे भरून मागच्या एक्सलवर 1,800 किलो आले, की एकेका टायरवर 900 पडतात. 100 वाला तिथंच हरला. मे महिन्यात अकोल्याकडच्या 45 अंशांत असा टायर आतून तापत जातो आणि भर रस्त्यात फुटतो. 106/104 असे दोन आकडे असले तर मागे एकेरी चाक असलेल्या गाडीने पहिलाच धरावा, दुसरा जोडचाकांचा.

चिखलात फसू नये म्हणून कुणी जास्त रुंद 235/75 टाकतात. व्यास 3 सेंटिमीटरने वाढतो, काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 62-63 ने पळते, आणि भरल्या गाडीत टायर मडगार्डला घासतो. शिवाय पांधणीतल्या काळ्या मातीने खाचा बुजल्या की रुंदी काय कामाची? खोल, मोकळ्या खाचांचे टायर मागे टाका. गाडी बहुतेक डांबरीवरच चालत असेल तर तेही नको, लवकर झिजतात.

बाजूवरचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. पडून राहिलेला माल स्वस्त मिळतो, पण रबर कडक झालेलं असतं. एका एक्सलवर नायलॉन आणि रेडियल अशा दोन बांधणींचे टायर मिसळू नका. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर, पुढे तर कधीच नाही.

जुना टायर भंगारात देण्याआधी हात फिरवून पाहा. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त होती, दोन्ही कडा गेल्या असतील तर कमी. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट करा. जागोजागी खळगे असतील तर शॉकअप गेले. हे न पाहता टाकलेला नवा टायरही तसाच खराब होणार.

व्हॉल्व्ह नवाच घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून काढू नका. चाकाचे नट 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.