डेटाबेस स्लो म्हणून इंडेक्स टाकताय? आधी या चुका टाळा

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या गाळ्यांपासून मार्केट यार्डातल्या कांद्याच्या आडतीपर्यंत बिलिंगची सॉफ्टवेअरं बघायचं माझं काम. तक्रार सगळीकडे तीच, ‘सिस्टिम लई स्लो चालतीय.’ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोराचं उत्तरही ठरलेलं, ‘इंडेक्स टाकलाय की सर.’ इंडेक्स म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी, हवी ती ओळ चटकन सापडावी म्हणून. टाकला असेल. डेटाबेस तो वापरतोय का, हे बघायची तसदी मात्र कोणी घेत नाही.

मोबाइल नंबरला अवतरणचिन्ह न लावणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या एका होलसेल व्यापाऱ्याकडे मायएसक्यूएल हा डेटाबेस होता. काउंटरवर पार्टीचा मोबाइल नंबर टाकला की खातं उघडायचं. दिवाळीच्या तोंडावर ते इतकं रेंगाळायला लागलं की मालक म्हणाले, ‘काय तरी करा की ओ, गिऱ्हाईक उभं राहून राहून दुसऱ्याच्या गाळ्यात चाललंय.’ तोवर पोरानं रॅम वाढवून घेतली होती, नवी एसएसडी बसवून घेतली होती आणि मोबाइलच्या त्याच कॉलमवर वेगवेगळ्या नावांनी चार इंडेक्स ठोकले होते. खर्च अर्थातच मालकांचा.

एक्सप्लेन, म्हणजे डेटाबेस शोध कसा घेणार ते दाखवणारी आज्ञा, लावून बघितलं. ‘पॉसिबल कीज’च्या (वापरता येण्याजोग्या इंडेक्सच्या) रकान्यात चारही इंडेक्सची नावं, ‘की’च्या (प्रत्यक्ष वापरलेल्याच्या) रकान्यात नल, म्हणजे काहीच नाही, आणि टाइप ‘ऑल’. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकामागे अख्खं टेबल वाचलं जात होतं. कॉलम व्हारचार, म्हणजे मजकुराचा, होता आणि क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, नंबर अवतरणाशिवाय आकडा म्हणून लिहिलेला. अशा वेळी मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतल्या मजकुराचा आकडा करून मग तुलना करतं. ‘५’, आधी स्पेस असलेला ‘५’ आणि ‘५अ’ हे तिन्ही मजकूर त्याच्या हिशेबी आकडा ५ च ठरतात. इंडेक्समध्ये हे तिघं तीन वेगळ्या जागी बसलेले, मग त्यानं कुठे म्हणून शोधायचं? नंबरला अवतरणचिन्हं लावली, खातं चटकन उघडायला लागलं. चारातले तीन इंडेक्स काढून टाकले.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हीच क्वेरी सरळ एरर देते. मला तो खडूसपणा आवडतो. एक्सप्लेननंतर ‘शो वॉर्निंग्ज’ चालवायचीही माझी सवय आहे; टाइप जुळत नाही म्हणून इंडेक्स वापरता येत नाही, असं मायएसक्यूएल तिथे स्वतःच लिहून ठेवतं. वाचायचा कंटाळा असेल तर इलाज नाही.

‘हॅश फास्ट असतो’ म्हणून सगळीकडे हॅश

कॉलेजात शिकलेलं एवढंच लक्षात राहतं. हॅश हा इंडेक्सचा एक प्रकार. हॅशिंगमध्ये कीवरून, म्हणजे शोधायच्या किमतीवरून, थेट बकेटचा, म्हणजे कप्प्याचा, नंबर निघतो, त्यामुळे ‘बरोबर हाच बिल नंबर’ असा शोध पटकन लागतो, हे खरं. पण डिझाइनचे गठ्ठे गोदामात क्रमानं न ठेवता कुठल्याही कप्प्यात टाकले आणि कप्प्याची चिठ्ठी तेवढी जपली, तर ‘२०० ते ३०० नंबरची डिझाइनं काढ’ म्हटल्यावर हमाल काय करणार? हॅशचं तेच. एक तारीख ते दहा तारीख, रकमेप्रमाणे क्रम, ‘शि’नं सुरू होणारी नावं यांतलं काहीही त्याच्या आवाक्यातलं नाही. बी-ट्री, म्हणजे इंडेक्सची दुसरी रचना, १९७० च्या सुमाराला संशोधक बायर आणि मॅक्रेट यांनी बोइंगमध्ये असताना मांडली. ती क्रम राखते, म्हणून एवढ्या वर्षांनीही डिफॉल्ट तीच आहे.

गंमत म्हणजे इनोडीबीत, म्हणजे मायएसक्यूएलच्या डेटा साठवणाऱ्या नेहमीच्या इंजिनात, तुम्ही ‘युजिंग हॅश’ लिहिलंत तरी मायएसक्यूएल एरर न देता बी-ट्रीच बनवतं. असा इंडेक्स टाकून ‘हॅशनं स्पीड वाढला’ म्हणणारे मला भेटलेत. ‘शो इंडेक्स’ चालवा, टाइप वाचा, मग बोला. पोस्टग्रेसमध्ये हॅश खरोखर मिळतो, पण २०१७ च्या आवृत्ती १० आधी तो क्रॅशनंतर भरवशाचा नव्हता. आजही त्यावर युनिक (एकच किंमत दोनदा येऊ न देण्याची अट) लावता येत नाही, एकाहून जास्त कॉलम घेता येत नाहीत. यूआरएलसारखी लांबलचक की असेल आणि फक्त ‘बरोबर’नं शोधायचं असेल तर जरूर वापरा.

बाकीच्या, थोडक्यात

तारखेच्या कॉलमला वर्ष काढणाऱ्या इयर फंक्शनमध्ये गुंडाळलं की त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स बाद. १ जानेवारीपासून पुढच्या १ जानेवारीच्या आधीपर्यंत, असं लिहा.

पार्टी आणि तारीख अशा जोड इंडेक्सवर नुसत्या तारखेनं शोधून तो मंद चालला तर त्याला शिव्या देऊ नका. डावीकडचा कॉलम आधी लागतो.

मजकुराचा तुकडा शोधणाऱ्या लाइकच्या सुरुवातीलाच टक्का (‘इथे काहीही चालेल’ची खूण) लावाल तर बी-ट्रीचा उपयोग शून्य.

पन्नास ओळींच्या टेबलवर टेस्टिंग करून ‘इंडेक्स चालत नाही’ म्हणू नका. एवढ्याशा टेबलवर सगळं वाचणंच स्वस्त, शोधाचा मार्ग ठरवणाऱ्या प्लॅनरचं बरोबर असतं.

प्रत्येक कॉलमवर इंडेक्स ही अधीर पोरांची आवडती युक्ती. एक बिल सेव्ह केलं की सगळे इंडेक्स लिहावे लागतात, मग मालक पुन्हा तुम्हालाच फोन करणार.

आणि पोस्टग्रेसवर भर दुपारी साधा क्रिएट इंडेक्स चालवू नका. तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलवर नवं बिल सेव्ह होत नाही. लिहिणं न थांबवता इंडेक्स बनवणारं ‘कन्करंटली’ लावा, पण ते ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र बांधलेल्या आज्ञांच्या गटात) चालत नाही आणि मध्येच फसलं तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो. तो क्वेरीच्या कामाला येत नाही, लिहिण्याचा बोजा मात्र वाढवतो. तो आधी ड्रॉप करा, मग रात्री गाळा बंद झाल्यावर नवा बनवा.